टपावर दोन टिचक्या

चष्मा काढायला म्हणून तिने पर्स उघडली आणि रागाच्या भरात पर्सचा बंदच तोडला.

"आई, हळू," मुलगा कुजबुजला.

"हळू काय हळू! तो मेला काय बरळतोय ऐकलंस ना?"

स्टेजवर त्या जुन्या सिनेमाचा नायक फुलांचा गुच्छ मांडीवर घेऊन बसला होता. केस काळेकुळकुळीत, मान मात्र सुरकुतलेली. सिनेमा आत्ताच संपला होता. ढबी नावाची पिवळी गाडी आपली आपण चालू होते, रुसते, चोरांच्या मागे लागते, हे सगळं बघून थिएटरभर पोरं खिदळली होती. आणि हा गृहस्थ माइक हातात आल्याबरोबर म्हणाला होता, "अहो, कसली जिवंत गाडी! पुढे दोरी बांधायची आणि ओढायची. आत कोणीसुद्धा नव्हतं. पोरांना काय, काहीही खरं वाटतं!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत कोणी नव्हतं? ढबीची पुढची सीट काढून तिथे पोकळ सीट बसवली होती, आणि त्या पोकळीत तिचा नवरा अंगाचं मुटकुळं करून बसायचा. समोरच्या जाळीतून वाट बघत गाडी हाकायचा. घामाने निथळायचा. पाठ जी गेली ती जन्माची गेली. पडद्यावर नाव द्यायची वेळ आली तेव्हा निर्माता म्हणाला, ड्रायव्हरचं नाव दिलं तर पोरांना कळेल ना! आणि हा भला माणूस हसत हसत हो म्हणून आला. त्या रात्री तिने त्याच्याशी अबोला धरला होता.

तिला सगळ्यात जास्त संताप यायचा तो शूटिंग संपल्यावर. गाडीभोवती पोरं जमायची. शेवटचं पोर घरी जाईपर्यंत हा आतच. "माणूस बाहेर निघालेला दिसला, की ढबी मेली," म्हणायचा. ती डबा घेऊन कोपऱ्यावर ताटकळायची. रस्ता रिकामा झाला की टपावर दोन टिचक्या मारायची. मगच स्वारी बाहेर.

"बाबांच्या माघारी तरी त्यांचं नाव घे आज," मुलगा म्हणाला. "त्यासाठीच आलोय आपण."

त्याला सांगायची गरज नव्हती. वाटभर तिने वाक्यं घोळवली होती. ती ताडकन उठली.

"अहो हिरो! मला बोलायचंय."

माइक हातोहात तिच्यापर्यंत आला. तिने घसा खाकरला, आणि तेवढ्यात शेजारी बसलेल्या नातीने तिचा पदर ओढला. नातीचा चेहरा पार उतरला होता.

"आजी, म्हणजे ढबी जिवंत नव्हतीच?"

तिने आजूबाजूला पाहिलं. पुढच्या रांगांमधली पोरं खुर्च्यांवर गुडघे टेकून तिच्याकडे वळून बघत होती. सगळ्यांची तोंडं तशीच, कुणीतरी हातातलं खेळणं हिसकावल्यासारखी.

घोळवलेलं वाक्य जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. कडू औषध गिळावं तसं.

"दोरी म्हणे!" ती कडाडली. "दोरीने ओढलेली गाडी वळणावर अशी वळते होय? अहो, तुम्हाला ढबी घाबरट म्हणायची, म्हणून तुम्ही तिच्यावर डूख धरून आहात!"

पोरांमध्ये खसखस पिकली. नायक कसनुसा हसला.

"मी रोज तिला डबा न्यायचे. पोळ्या फस्त करायची. वांग्याची भाजी तेवढी तशीच परत! आणि उचकी लागली की हॉर्न आपोआप वाजायचा. अख्खी गल्ली जागी!"

"तिला तोंड कुठे होतं?" एक पोरगी ओरडली.

"इंजिन काय नुसतं धूर काढायला असतं?"

टाळ्या, शिट्ट्या, आरडाओरडा. मुलाने मान खाली घातली. बाबांनी जन्मात वांग्याला हात लावला नव्हता, हे त्याला ठाऊक होतं.

ती खाली बसली. राग गेला नव्हता. मुळीच नाही.

"आई, नाव राहिलं," मुलगा म्हणाला.

"माहितीये मला! गप्प बस."

बाहेर, तिकीट खिडकीसमोर, ढबी दोरखंडाच्या आत उभी करून ठेवली होती. रंग नवा, टपावरचा पोचा जुनाच. पोरं तिला हात लावत होती, तिच्या कानात काहीबाही सांगत होती. ती भिंतीला टेकून उभी राहिली. पूर्वी डबा घेऊन राहायची तशीच, धुसफुसत. एकेक करून आयांनी पोरं ओढत नेली. दिवे मालवायला आलेला माणूसही तिच्याकडे बघून परत फिरला.

मग ती पुढे गेली. तोंडातल्या तोंडात नवऱ्याला एक शिवी हासडली आणि टिचकी मारायला टपावर हात उचलला.

पलीकडच्या बाजूला नात होती. ढबीच्या दाराला कान लावून, डोळे मिटून, श्वास रोखून.

तिने हात खाली घेतला.

"थांबा अजून थोडं," ती जाळीपाशी वाकून पुटपुटली. "एक राहिलंय."