नैवेद्याचं चाखायचं नसतं

डाळ रात्री भिजत घाला.

मुलगा-सून पुण्याहून न कळवता येतात, तेव्हा ती जेवायला आलेली नसतात. लीलावतीबाईंनी दार उघडता उघडताच हे ओळखलं.

"रविवारी तुमचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू ना, आई. म्हटलं मदतीला येऊ," सोनल म्हणाली.

मदतीला! लग्नाला इतकी वर्षं झाली, ग्वाल्हेरच्या या मुलीला आमटीत गूळ घालायचं आठवत नाही, आणि ही मदतीला.

परीक्षित पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेला तो सिलिंडरपाशी वाकला.

"आई, ही नळी कधी बदललीस?"

"तू पाणी पीत होतास ना?"

"पितोय ना."

"मग पेला वर असतो, खाली नाही."

तो हसला. सोनल हसली नाही. ती फ्रिज उघडून दुधाच्या पातेल्यावर वाकून वास घेत होती. कालचं दूध. काय होतं त्यात? काही होतं का?

कारण माघातल्या तापानंतर त्यांना वास येत नव्हता. फुलाचा नाही, फिनेलचा नाही, जळक्या भाकरीचा नाही. वासामागोमाग चवही गेली. मीठ आणि साखर जिभेवर सारखीच, नुसती खरखर.

हे परीक्षितला कळलं असतं तर त्याच दिवशी हे अवधपुरीचं घर बंद झालं असतं. त्याचे वडील अच्युतराव गेल्यापासून तो निमित्तच शोधत होता. पुण्याच्या फ्लॅटमधली एक खोली 'आईची खोली' म्हणून तयार होती. तिच्या खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले टॉवेल दिसायचे. इथे अच्युतरावांनी कारखान्यातून निवृत्त होताना लावलेला कढीपत्ता गच्चीला टेकला होता.

म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. पूर्वी सणावारी दाखवायच्या तो नैवेद्य आता रोज दोन्ही वेळा अन्नपूर्णेला दाखवायला लागल्या. नैवेद्याचं चाखायचं नसतं. मग मीठ कमी पडलं तर कुणी काय म्हणणार?

आणि कमी पडूही नये म्हणून मागच्या जिन्याने एक वाटी वर जायची. वरच्या मंजूषाताई चाखून खाली ओरडायच्या, "मीठ हवं!" किंवा "बस!" वाटी भरताना लीलावतीबाई देवीला हात जोडायच्या. हा नैवेद्य नाही हं बाई, हा नमुना.

मंजूषाताई नेमक्या भाच्याच्या साखरपुड्याला उज्जैनला गेल्या होत्या.

नेमक्या?

कैरी सोलून किसा.

शनिवारी सकाळी सोनलला करोंदला जायचं होतं. "मंडीबाहेर कैऱ्या एकदम ताज्या मिळतात म्हणे."

"कुणी सांगितलं म्हणे?"

"इंटरनेटवर होतं."

करोंदच्या मंडीबाहेर कैरी मिळते हे इंटरनेटला कशाला ठाऊक असेल? पण कैऱ्या खरंच होत्या, लहान, कडक, देठाशी चीक आलेल्या. सोनलने एक फोडून त्यांच्या नाकाशी धरली.

"वास बघा, आई!"

"वा," त्या ताबडतोब म्हणाल्या. "आंबट आहे."

हे बरोबर जमलं. कैरी गोड असते थोडीच.

पुढे एका मसाल्यावाल्यापाशी सोनल थांबली, कागदात काहीतरी बांधून घेतलं, पिशवीत टाकलं. अच्युतरावांची गाडी निघाली. पिशवी लीलावतीबाईंच्या पायाशी. थोडं अंतर गेल्यावर परीक्षितने काच खाली केली. मग दुसरी. मग मागच्याही दोन्ही.

"अरे, धूळ येतेय! काचा कशाला उघडतोस?"

आरशात परीक्षितने सोनलकडे पाहिलं. सोनलने ओढणी नाकावर धरली होती, ती हळूच खाली घेतली.

"उकडत होतं," तो म्हणाला.

गाडीत एसी चालू होता. उकडत होतं!

डाळ भरड वाटा. बारीक नको.

घरी पिशवी रिकामी करताना त्यांना तो कागद सापडला. फाटलेला. आत हिंगाचा खडा, तेलकट, बोराएवढा. असला हिंग डब्यात बंद केला तरी घरभर वास सुटतो. त्यांच्या माहेरी तो माजघरात ठेवायचे आणि अंगणात कळायचा.

गाडीभर हा वास होता. आणि आपण विचारलं, काचा कशाला उघडतोस.

त्या स्टुलावर बसल्या. आता कैरीचं 'वा' सुद्धा आठवून लाज वाटली. मुद्दाम फाडला असेल का कागद? कैरीही मुद्दाम? दूध हुंगलं तेही? बाहेरच्या खोलीत दोघं हळू बोलत होती, आणि हळू बोलणं ऐकायला त्यांचे कान चांगले शाबूत होते.

"...मी सांगतेय ना, उद्या होऊ दे. आत्ता नको."

"उद्यानंतर तिकीट काढू का मग?"

त्यांनी डाळ बारीक वाटली. पार गंध झाला तिचा. रागाने ती ओतून दिली आणि दुसरी भिजत घातली.

फोडणी गार करून ओता.

रविवारी दुपारी गौर झोपाळ्यात बसली. पन्हं झालं. आंबेडाळ कालवून झाली आणि वर फोडणी पडली. सोनल ओट्याशी येऊन उभी राहिली, आणि लीलावतीबाईंच्या डोळ्यांदेखत चमच्याच्या टोकाने डाळ उचलून तिने तोंडात घातली.

"अगं! नैवेद्य व्हायचाय!"

"मीठच नाही, आई."

"नैवेद्याचं चाखतात का? हेच शिकवलं ग्वाल्हेरला?"

"मग मंजूषाकाकू काय करतात?"

लीलावतीबाईंनी तिच्या हातातला चमचा काढून घेतला.

"म्हणजे तिनेच सांगितलं तर."

"त्या घाबरल्यात. मागच्या आठवड्यात तुमचं दूध उतू जाऊन गॅस विझला होता. वास वरपर्यंत गेला आणि तुम्ही तिथेच बसून गवार मोडत होतात. त्यांनी येऊन बटण बंद केलं. आठवतं?"

आठवत होतं. मंजूषाताई 'साखर द्या' म्हणून धावत आल्या होत्या आणि साखर न घेताच गेल्या होत्या. तेव्हाही संशय आला होता, पण भलताच. की ही आपले डबे किती रिकामे आहेत ते पाहून गेली.

"परीक्षितला सगळं माहितीये?"

"हिंगापर्यंत. गॅसचं मी नाही सांगितलं. पण मिठाचं मी सांभाळीन, आई. गॅसचं कोण सांभाळणार?"

लीलावतीबाई खाली वाकल्या. रेग्युलेटर बंद केला, खटकन उपसला आणि तसाच पदरात धरून बाहेरच्या खोलीत गेल्या. परीक्षित फोनवर होता. त्यांनी तो त्याच्या मांडीवर ठेवला.

"मला वास येत नाही. चवही नाही. माघापासून. मागच्या आठवड्यात गॅस सुटला, मला कळलं नाही."

"आई..."

"तिकीट काढू नकोस. टी. टी. नगरच्या बाजारात जा, विजेची शेगडी घेऊन ये. डॉक्टरकडे ने, कुठे न्यायचं तिथे ने. पण पुण्याला मी येणार नाही. आता बायका येतील, तोंड नीट कर."

त्याने फोन बाजूला ठेवला. मग म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघू. परत असं लपवलंस तर..."

"तर तू न कळवता येशीलच."

मीठ चवीप्रमाणे.

बायका आल्या, ओट्या भरल्या, हळदीकुंकू झालं. डाळीच्या वाट्या फिरल्या. मीठ अखेर लीलावतीबाईंनीच घातलं होतं, अंदाजाने, सोनलकडे पाठ करून.

"छान झालीये हं!" एक म्हणाली.

"मस्त!" दुसरी म्हणाली.

लीलावतीबाई एकेकीच्या तोंडाकडे पाहत होत्या. कोण आवंढा गिळतंय, कोण पन्हं जरा लवकर उचलतंय. आता जन्मभर हेच. जगातल्या प्रत्येक 'छान'कडे असं रोखून बघायचं.

त्यांनी सोनलला स्वयंपाकघराच्या दाराआड गाठलं.

"खरं सांग."

सोनलने वाटीतला शेवटचा घास खाल्ला, जरा विचार केला.

"खारट झालीये. आणि कैरी कमी."

लीलावतीबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग किसणी आणि उरलेली कैरी तिच्या हातात दिली.

"घाल मग," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर. आणि चाखून बघ."