बेसमेंटमधली खंडेनवमी

दुकानदाराने प्रेसचा दांडा विनयच्या हातात दिला. प्रश्न त्याच्या बायकोने, कांचनने विचारला होता. एका वेळी एकच काडतूस भरणारा साधा प्रेस आणि हा गोल फिरणारा, यांतल्या कशात गोळी दर वेळी सारखी बसते, असा नेमका प्रश्न. दुकानदाराने तो ऐकला, मान डोलावली आणि उत्तर विनयला दिलं.

विनयने दांडा खाली ओढला, वर नेला. दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे त्याने आयुष्यात कधी काही उडवलं नव्हतं.

"नाइस अ‍ॅक्शन," तो म्हणाला.

दुकानदार खूश झाला. गोल फिरणाऱ्या प्रेसवर दांड्याच्या प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडतं, बघता बघता ढीग लागतो, असं तो विनयला रंगवून सांगू लागला. कांचनला ढीग नकोच होता. तिला एकासारखं दुसरं काडतूस हवं होतं. नागपूरला कॉलेजात असताना एनसीसीच्या रायफलने तिने भल्याभल्यांना मागे टाकलं होतं, आणि आता अमेरिकेतल्या डब्लिनजवळच्या क्लबात तिची बंदूक दुकानातल्या काडतुसांवर रुसायची. दिवसभर रंगांच्या कंपनीच्या लॅबमध्ये काटेकोर वजनं करणारी बाई ती. तिला आपली काडतुसं आपल्या हाताने भरायची होती.

"तो साधा, सिंगल स्टेज द्या," ती इंग्रजीत म्हणाली.

दुकानदाराने विनयकडे पाहिलं.

"शी इज द बॉस," विनय म्हणाला आणि दोघंही हसले.

कांचनच्या अंगाचा तिळपापड झाला. खोकं तिने स्वतः उचलून गाडीत ठेवलं. विनयने मदतीला पुढे केलेला हात तिने पाहिलाच नाही.

"त्याला सांगायचं ना, की शूटिंग मी करते म्हणून," हायवेला लागल्यावर ती म्हणाली.

"अगं, त्याला काय फरक पडतो यार? प्रेस तुझ्या चॉइसचाच घेतला ना?"

घेतला होता खरा.

टेबलही तिनेच उभं केलं. बेसमेंटमध्ये, घर गरम करणाऱ्या भट्टीपासून दूरच्या कोपऱ्यात, जाड फळी घेऊन ती भिंतीच्या लाकडी खांबांना बोल्टने आवळली. दांडा ओढताना टेबल केसभर जरी हललं, तरी सगळी मेहनत वाया. मग प्रेस बसवला, वजनाचा काटा बसवला, बंदुकीची पावडर बंद डब्यात ठेवली आणि वर भिंतीवर लाल अक्षरांत इंग्रजी पाटी लावली, की इथे काडी पेटवू नये. विनयने बॅटरी धरली होती. तीही मधूनमधून छताकडे जायची.

आणि मग पाहुणे येऊ लागले. मराठी मंडळातलं कुणी जेवायला आलं, की विनय त्यांना खाली न्यायचा. पहिल्यांदा तो "आमचा प्रेस" म्हणाला. पुढच्या महिन्यात "माझा सेटअप" झाला. कांचन चहाचा ट्रे घेऊन जिन्यावर उभी राहून ऐकायची आणि ओठ घट्ट मिटायची. चार माणसांत नवऱ्याला काय खोटं पाडायचं, असं वाटायचं तिला. तो मात्र दर वेळी थोडा अधिक मोठा नेमबाज होत गेला.

सप्टेंबरात सासूबाई पुण्याहून आल्या. सुमित्राबाईंना विनयने विमानतळावरून येतानाच सांगितलं, हल्ली आम्ही नेमबाजी करतो. "आम्ही" या शब्दाचा जो अर्थ कुठलीही आई लावेल, तोच त्यांनी लावला.

नवमीच्या दिवशी कांचन सकाळपासून क्लबात होती. दुसऱ्या दिवशी, नेमकी दसऱ्यालाच, राज्यस्तरावरची मॅच होती. बंदुकीची दुर्बीण नीट लावून ती दुपारी परतली. शेवटची काडतुसं भरायची राहिली होती, तेवढी संध्याकाळपर्यंत सहज झाली असती.

दारात मराठी मंडळातल्या डॉक्टर प्रल्हादकाकांची गाडी उभी होती. घरात कुणीच दिसेना. खालून आरतीचा आवाज येत होता, आणि बेसमेंटच्या दारातून उदबत्तीचा वास.

ती पायातले बूट न काढताच जिना उतरली.

प्रेसला झेंडूची माळ होती. दांड्यावर हळदीकुंकू, काट्याच्या पारड्यात अक्षता. पीतांबर नेसलेला विनय आणि सासूबाई हात जोडून उभे होते, प्रल्हादकाका टाळ्या वाजवत होते, उत्तराकाकूंच्या हातात कॅमेरा होता. आणि पावडरच्या डब्यावर, अगदी मधोमध, निरांजन तेवत होतं.

कांचनने मायलेकांच्या मधून हात घातला आणि ज्योत चिमटीत विझवली. उदबत्ती उपटून पाण्याच्या तांब्यात बुडवली.

आरती थांबली.

"अगं!" सासूबाईंचा आवाज चिरकला. "देवापुढचा दिवा विझवलास? नवमीच्या दिवशी?"

"बाहेर व्हा सगळे. आधी जिन्यात चला," कांचन ओरडली. या घरात ती पहिल्यांदाच ओरडत होती. "त्या डब्यात बंदुकीची पावडर आहे!"

प्रल्हादकाका पेशंटना शांत करायच्या आवाजात म्हणाले, "कांचन, कूल डाउन. झालं ना आता."

"काय झालं काका? डबा तापला असता तर काय झालं असतं ते सांगा ना!"

"डबा बंद आहे गं," विनय म्हणाला. "पाहुण्यांसमोर एवढा सीन करायची काय गरज आहे? आणि आता पूजा झालीय, उद्यापर्यंत हात लावायचा नाही. तू एक दिवस दुकानातली काडतुसं वापर ना. काय फरक पडतो?"

कांचन त्याच्याकडे बघत राहिली. वर्षभराची मेहनत आणि उद्याची मॅच, आणि हा माणूस पीतांबर नेसून विचारतोय, काय फरक पडतो.

सुमित्राबाई मात्र डब्याकडे बघत होत्या. मग त्यांनी वर पाटीकडे बघितलं. इंग्रजी त्यांना वाचता येत होतं.

"विनय, मी तुला विचारलं होतं, निरांजन कुठे ठेवू म्हणून."

"हो, म्हणजे..."

"तू म्हणालास, त्या डब्यावर ठेव, सपाट आहे."

उत्तराकाकूंनी कॅमेरा पर्समध्ये ठेवला.

"हे कोणाचं आहे?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"आई, ते आम्ही दोघं मिळून..."

"कोणाचं आहे, कांचन?"

"माझं."

"मग तू महिनाभर तोंडात मिठाची गुळणी धरून का बसलीस?" त्या आता सुनेवर भडकल्या होत्या. "मी फोनवर अख्ख्या आळीला सांगितलं, विनय नेमबाज झाला म्हणून. आता त्यांना काय सांगू?"

"खरं ते सांगा," कांचन म्हणाली. "मीही आता तेच सांगणार आहे."

सुमित्राबाईंनी पदर खोचला. त्यांनी प्रेसवरची माळ उतरवली, पारड्यातल्या अक्षता तळहातावर घेतल्या, निरांजन उचललं.

"आई, पूजा मोडतेस?"

"शस्त्राची पूजा ज्याची त्याने करायची असते. ही झालीच नाही." मग कांचनकडे वळून त्या म्हणाल्या, "तू कधी करतेस?"

"उद्या मॅचहून आल्यावर. वर, देवघरात. बंदूक घेऊन येईन तिथे."

"चालेल. दसराच आहे."

पाहुणे खाली मान घालून जिना चढले. विनय तिथेच उभा होता. पीतांबराचा सोगा त्याच्या हातातून सुटला होता.

"तू का थांबलास?" सुमित्राबाई म्हणाल्या. "वर जा आणि कुकर लाव. काका-काकू जेवायला थांबलेत आणि हिला वेळ लागणार आहे."

तो गेला. कांचनने स्वच्छ फडकं घेतलं आणि प्रेसवरचं कुंकू कणाकणाने पुसून काढलं. काटा पुन्हा शून्यावर आणला. सुमित्राबाईंनी जिन्याखालचं स्टूल ओढलं आणि टेबलापासून जरा लांब, मध्ये न येता, बसल्या. पहिलं काडतूस तयार झालं तेव्हा त्यांनी मान पुढे करून पाहिलं.

वर कपाटांची दारं उघडत होती, मिटत होती. मग विनयचा आवाज आला.

"कांचन, तांदूळ कुठे असतात?"

कांचनने दांड्यावरचा हात थांबवला. तेवढ्यात स्टुलावरूनच सुमित्राबाईंनी वर तोंड करून उत्तर दिलं.

"शोध."