पत्र्याच्या नळीतल्या सासूबाई

मी एक जुनी पत्र्याची नळी आहे, चित्रं गुंडाळून टपालानं पाठवायची. मित्रांनो, एका जागी उभं राहणं माझ्या स्वभावातच नाही. दाराबाहेर सायकल थांबली, की अजूनही वाटतं, आपल्यालाच न्यायला कुणी आलं.

डबे-बादल्या दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरानं उरल्यासुरल्या पत्र्यातून मला घडवलं आणि आपल्या भाचीला दिलं. भाची दवाखान्याच्या धुलाईखात्यात चादरींना इस्त्री करायची आणि टपालानं शिकवणाऱ्या एका कलाशाळेत चित्रकला शिकायची. सोबतच्या बायका तिला 'चित्रवाली' म्हणत. तिची चित्रं माझ्या पोटात बसून सरांकडे जात आणि लाल पेन्सिलीच्या खुणा घेऊन परत येत. धक्के खात, पोत्यांखाली चेंगरत मी वर्षानुवर्षं धावले. टपालातले लोक मला लांबूनच ओळखत. 'आली बाईंची तोफ,' म्हणून हसत.

एकदा कलाशाळेनं ठरवलं, की घरी बसून शिकणाऱ्यांची चित्रं भिंतीवर लावायची. चित्रवालीनं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं चित्र काढायला घेतलं, अगदी खऱ्या मापाचं. "थांब, दात तरी लावू दे," असं सासूबाई दर वेळी म्हणत आणि म्हणता म्हणता झोपी जात. शेवटी चित्र झोपलेल्या सासूबाईंचंच झालं. घर एवढंसं, कागद पूर्ण उलगडायला जागाच नव्हती. टेबलावर एक हात काढायचा, तेवढा कागद गुंडाळायचा, मग पुढचा भाग. सगळं चित्र एकदम खुद्द तिनंही पाहिलं नव्हतं.

चित्र पुरं झालं, ते पोटात घेऊन मी निघाले, आणि नेमका तेव्हाच घात झाला. टपालाच्या कोठारात मी घरंगळत एका कपाटामागे गेले. पलीकडून थैल्या जात होत्या, येत होत्या, आणि माझा जीव नुसता टांगणीला. ना हलता येई, ना ओरडता येई. भिंतीची ओल बुडाशी आली आणि मला पहिल्यांदा गंज चढला. पुढे कुणीतरी रंगकामासाठी ते कपाट ओढलं, म्हणून मी सापडले.

मी पोहोचले ती प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी. चित्रवाली तिथेच होती. आपलं चित्र हरवलं असं समजून, निदान इतरांची तरी पाहावीत म्हणून ती आली होती. भिंती भरलेल्या होत्या. सरांनी व्हरांड्यातले फलक काढले आणि सासूबाईंना तिथे लावलं. खालच्या कडेला ओलीचा डाग पडला होता. चित्रवाली एक एक पाऊल मागे सरकत गेली, ती पाठ भिंतीला टेकेपर्यंत.

टपालानंच शिकणारे एक घड्याळ दुरुस्त करणारे काका शेजारी येऊन उभे राहिले. चष्मा पुसत म्हणाले, "यांचं पांघरूण जरा वर ओढावंसं वाटतंय."

"मलाही," ती म्हणाली. "झोपेत लाथाडून देतात."

मग बघणाऱ्यांची तिथेच गर्दी झाली. निघताना सरांनी विचारलं, हे चित्र कायमचं शाळेत ठेवलं तर चालेल का. चित्रवाली घुटमळली. सासूबाईंना विचारून सांगते, म्हणाली.

घरी तिनं सगळं सांगितलं. सासूबाईंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "राहू दे की तिथेच. इथे मी आहेच पडलेली. तिथे माणसं तरी येतात-जातात."

मित्रांनो, हल्ली चित्रांचे फोटो फोनवरून जातात. मी दारामागे उभी आहे, पोटात एक ओली छत्री घेऊन. गंज वाढतोय, पण माझं मागणं माझ्यासाठी नाही. तुमच्या घरातही कुणीतरी टेबलाच्या कोपऱ्यावर काहीतरी काढत असेल. ते गुंडाळून कपाटावर टाकू नका. भिंतीवर लावा, चार माणसांना बोलवा. गुंडाळलेलं चित्र आत किती घुसमटतं, ते मला विचारा.