हिरव्या काठाचा बोळा

नागोराव मिस्त्रीची स्लॅब गळत नाही, असं महागावकडे लोक म्हणायचे. सगळ्यांत मोठ्याने मिस्त्री स्वतःच म्हणायचे. मिस्त्री म्हणजे माझा नवरा. बावीस वर्षं त्याच्या हाताखाली घमेली उचलली आहेत मी, त्यामुळे हे सांगायचा हक्क माझाच.

देवरावभाऊंच्या नव्या घराची स्लॅब आम्ही ऐन मे महिन्यात टाकली. ढाळ असा, की तांब्याभर पाणी सांडलं तरी नीट निचऱ्याच्या पाइपाकडे धावेल. मग तराईसाठी, म्हणजे सिमेंट पाणी पिऊन पक्कं व्हावं म्हणून, पाइपाला फडक्याचा बोळा मारून पंधरा दिवस गच्चीवर पाणी उभं ठेवलं.

"भरल्या पान्यात गळली नाही, ते पावसात काय गळनार?" मिस्त्री मिशीवर हात फिरवायचे.

ऑगस्टात गळली. भिंतीच्या सांध्यातून पाणी झिरपून घरातल्या गाद्या भिजल्या. देवरावभाऊ आमच्या बुद्धविहार समितीचे अध्यक्ष. नव्या विहाराची स्लॅब मिस्त्रींनाच द्यायची ठरली होती, ती आता उमरखेडच्या ठेकेदाराला देऊ म्हणाले. विहाराचं छत आपल्या हातचं असावं, एवढंच माझ्या नवऱ्याने आयुष्यात मागितलं होतं. दोन दिवस तो जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी शिडी लावून आम्ही वर चढलो, मागून देवरावभाऊ. घोट्याएवढं पाणी साचलेलं, वर लिंबाचा पाला. मिस्त्रींनी पाइपात हात घालून चिखलाने माखलेला बोळा उपसला.

"पाहा भाऊ, पाइपच बुजवला! वड्या वाळवाले कोन चढलं होतं इथं?"

देवरावभाऊंची बायको हंसाबाई खाली अंगणात उभी होती. "मीच चढलती. पन मी कायले बोळा घालू जी?"

"चूप बस!" देवरावभाऊ वरून खेकसले. "चांगल्या मानसाच्या नावाले बट्टा लावला तुनं."

मी बोळ्याकडे पाहत होते. चिखलातून हिरवा काठ दिसत होता. माझ्याच जुन्या लुगड्याचा. तराई संपली की बोळा काढायचा असतो. पण आमच्याकडच्या मे महिन्यात पाणी सोडावं लागतच नाही, ऊनच पिऊन टाकतं. आम्ही बोळा तसाच ठेवून उतरलो होतो.

मिस्त्रींनीही काठ ओळखला. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बोळा खिशात कोंबला. मीही तोंड उघडलं नाही. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, दुसरं काय! त्या गप्प बसण्याची मला आजही किळस येते.

काम आम्हाला मिळालं. हंसाबाईला मात्र गावाने सोडलं नाही. नळावर, दळणाच्या रांगेत, जिथे तिथे तिचा बोळा. ऐकून ऐकून तीही म्हणू लागली, "माह्याच हातून राहला असन." हिवाळ्यात आम्ही विहाराची स्लॅब टाकली. तराईच्या दिवशी मिस्त्रींनी माझ्यापुढे हात केला, "फडकं दे." मी पिशवी उघडेपर्यंत हंसाबाई पुढे आली. हातात धुऊन घडी घातलेलं फडकं होतं.

"हे घ्या भाऊ," ती म्हणाली. "अन् तराई झाली का मीच काढतो. मांगच्यासारखी आता नाही इसरनार मी."