नबीलालनं आवळलेलं पिंप

मी एक जुनं लाकडी पिंप आहे. मित्रांनो, आपली कथा सांगताना सगळे छाती फुगवतात. मला मात्र मान खाली घालूनच सांगावी लागते.

उमेदीची वर्षं मी गोव्यातल्या वाइनच्या कारखान्यात काढली. २००३ साली कसबा बावड्याच्या शशिधरनं मला मोडीच्या भावात आणलं, तेव्हा माझ्या फळ्या पार खिळखिळ्या झाल्या होत्या. नाशिकला वाइन करायला शिकून आलेला हा पोरगा. कोल्हापूरच्या दमट हवेत द्राक्षं नासतात, म्हणून तासगावहून आणून तो घरामागच्या शेडमध्ये वाइन करू लागला.

मला दुरुस्त केलं नबीलालनं. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. माझ्या फळ्यांभोवतीची लोखंडी कडी तापवून त्यानं आवळली, दोन दिवस पाणी भरून ठेवलं आणि खालून हात फिरवून म्हणाला, "आता ह्यातनं मुंगीबी भायेर पडायची न्हाय." एवढं कौतुक माझं कधीच झालं नव्हतं.

वाइन भरून, मला आडवं निजवून शशिधर गिऱ्हाईक शोधायला पुण्याला गेला. जाताना वडिलांना, भरमाप्पांना, बजावून गेला, "आप्पा, लाकूड थोडी वाइन पितंय, उकाड्यानं थोडी उडती. आठ दिसाला बूच काढून बघा. कमी झाली की ह्या कॅनमधली वाइन वरपतोर भरा. आत हवा ऱ्हायली, तर सगळी आंबंल."

भरमाप्पा मोठे शिवभक्त. गळ्यात इष्टलिंग असताना दारूचं तोंड उघडायचं त्यांना जिवावर आलं. मग त्यांनी आपली युक्ती काढली. फणस बघावा तशी ते माझ्या पोटावर टिचकी मारायचे. मी भरीव वाजायचो. "भरल्यालं हाय की!" म्हणून ते निघून जायचे. वर बुचाखाली वीतभर पोकळी झाली होती. मला ती कळत होती, पण बोलता येत नव्हतं. त्या आवाजाची मला आजही लाज वाटते.

दोन महिन्यांनी पुण्याचे पाहुणे आले. पहिल्याच घोटाला त्यांनी तोंड वाकडं केलं. "हे तर व्हिनेगर झालंय!" शशिधरचा चेहरा उतरला. त्यानं वडिलांकडं पाहिलं.

भरमाप्पा घाईघाईनं म्हणाले, "त्या नबीलालनं जोडात फट ठेवली आसंल."

बोलणं गावभर झालं. नबीलालकडं चाकं येईनाशी झाली. शेड बंद पडली आणि मी अंगणात पाण्याचं पिंप झालो. पाच वर्षं माझ्याखालची जमीन कोरडी ठणठणीत राहिली. भरमाप्पा रोज बघायचे आणि नजर चुकवायचे. शेवटी त्यांची बायको दानम्मा तडकलीच, "एक थेंब गळत न्हाय ह्यातनं. जावा, सांगा की त्याला!"

ते गेले. दारात नबीलालची बायको, सुलतानबी, आली. परत आल्यावर त्यांनी माझ्याशेजारीच बसून दानम्माला सगळं सांगितलं. सुलतानबी म्हणाली होती, "त्ये गेल्या रमजानात गेलं, आप्पा. शेवटपतोर एकच इचारत व्हतं, माझा जोड कुटं सुटला आसंल?"

मित्रांनो, अशा कथेच्या शेवटी 'जुन्या वस्तू जपा' असं सांगायची रीत आहे. माझं काय, मी आज ना उद्या सरपणात जाईन. तुम्ही माणसाचं नाव जपा. आणि आपली चूक कुणाच्या माथी मारलीच असेल, तर आजच त्याच्या दारात जा. दार उघडायला तोच येईल, तोवर.