समईची ज्योत हलली नाही

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, पण मी खोटारडा नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या नावावर एक खोटी साक्ष लागली आहे आणि तिचा संताप अजून गेलेला नाही.

सोलापुरात चाटी गल्लीत गुरुसिद्धप्पांचं चादरींचं दुकान आहे. बारा वर्षांपूर्वी त्यांनी मला घरी आणलं आणि बैठकीत देवघरासमोर ठेवलं. ते दिवस सोन्याचे होते. पूजा आटोपली की ते माझ्यावर शिवकीर्तन लावत. कीर्तनकारांनी सूर धरला आणि मृदंगावर थाप पडली, की घरकामाला येणाऱ्या सोजरबाईंचा झाडूसुद्धा ठेक्यात चाले. त्या मला रोज कोरड्या फडक्याने पुसत आणि जाताना चक्क नमस्कार करत. “ह्याच्या तोंडातनं देवाचं नाव येतंय की,” असं म्हणत.

पुढे घराला सहा कॅमेरे लागले आणि त्यांची राखण माझ्याकडे आली. मित्रांनो, कॅमेरा चित्र पाठवतो ते गाठोड्यात घट्ट बांधून. ते गाठोडं सोडायचं काम माझ्या पोटातली ग्राफिक चिप करते. माझा मुख्य प्रोसेसर म्हणजे कीर्तनकार, आणि ही चिप त्याची मृदंगवादक. दोघं मिळून आम्ही सहाही चित्रं हसतखेळत सांभाळत होतो. गुरुसिद्धप्पा पाहुण्यांना कौतुकाने सांगत, “जुनं हाय, पण लई इमानी.”

गेल्या दिवाळीत कॅमेरे बदलले. बसवणाऱ्याने जागा कमी लागते म्हणून त्यांना नव्या पद्धतीची गाठ मारायला लावली. ती गाठ माझ्या चिपला सोडता येते का, हे कोणी पाहिलं? कोणी नाही! चिप बिचारी हात बांधून बसून राहिली आणि सहा कॅमेऱ्यांची गाठोडी एकट्या प्रोसेसरच्या उरावर आली. कीर्तनकारानेच गायचं, त्यानेच मृदंग वाजवायचा, आणि घसा बसला की लोकांनी त्यालाच हसायचं. मी तापलो, अडखळलो. माझ्या डोक्यावर थपडा बसल्या. समोर टेबल फॅन आणून ठेवला. दिवसातून चार वेळा मला बंद करून चालू केलं. गुरुसिद्धप्पांच्या पत्नी दानेश्वरी तर मला भंगारात द्या म्हणाल्या. चालेल, एवढंही मी गिळलं असतं.

पण एका सोमवारी देवघरातली विभूतीची चांदीची डबी दिसेना. गुरुसिद्धप्पांच्या वडिलांची ती डबी. घरात कालवा झाला आणि सगळे माझ्यासमोर जमले. सकाळचं चित्र लावलं. त्यात सोजरबाई देवघरापाशी, तेवत्या समईजवळ उभ्या, हात पुढे केलेला. कोपऱ्यात मी स्वतः उमटवलेले घड्याळाचे आकडे पळत होते आणि सोजरबाई तिथेच होत्या. एक मिनिट, दोन मिनिटं, चार मिनिटं. मग एकदम बैठक रिकामी.

“चार मिनिटं काय करत होती तिथं?” दानेश्वरी म्हणाल्या.

मित्रांनो, मला ओरडायचं होतं. बाई तिथे क्षणभरच होत्या, देवघराची फळी पुसत होत्या. थिजलं होतं ते माझं चित्र, आणि तसंच साठवलं गेलं होतं! पण कॉम्प्युटरला आवाज नसतो, दुसऱ्याने लावला तेवढाच असतो. त्या दिवशी सोजरबाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मला नमस्कार न करता गेल्या.

आठवड्याने मी पुरताच बंद पडलो तेव्हा जोतिरामला बोलावलं. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि सोमवारच्या कीर्तनात मृदंग वाजवतो. त्याने मला उघडलं नाही की बदडलं नाही. मला पुन्हा चालू करून आधी पडद्यावर प्रत्येकाच्या कामाचा हिशेब पाहिला. प्रोसेसर शंभर टक्के, चिप शून्य.

“आप्पा, ह्याचा मृदंगवाला बाहेर बसवून ठेवलाय की तुमी,” तो म्हणाला.

त्याने कॅमेऱ्यांची गाठ पुन्हा जुन्या पद्धतीची केली. चिप कामाला लागली आणि घटकाभरात माझा ताप उतरला. मग बिघाडाच्या दिवसांतलं एखादं चित्र दाखवा म्हणाला. गुरुसिद्धप्पांनी तोच सोमवार लावला. जोतिराम बराच वेळ बघत राहिला. सोजरबाईंकडे नाही, त्यांच्या मागे.

“वर पंखा गरगरतोय रोज. आन् समईची ज्योत चार मिनिटात एकदा बी हलली न्हाय? आप्पा, बाई उभी न्हाय हितं. चित्र उभं हाय.”

दानेश्वरी उठल्या आणि त्यांनी खुंटीवरची निर्माल्याची पिशवी जमिनीवर पालथी केली. वाळलेल्या बेलपानांतून डबी घरंगळत आली. त्या सकाळी निर्माल्य त्यांनीच गोळा केलं होतं.

नवराबायको दोघंही सोजरबाईंच्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, पण कमरेला पदर खोचला नाही. त्यांच्याकडे राहिलेली घराची किल्ली त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

“सोजरबाई, चूक झाली आमची,” गुरुसिद्धप्पा म्हणाले. “या की परत.”

“आप्पा, मशिनीला ताप आला तर तुमी मिस्त्री बोलावला,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मला नुसतं इचारलं बी न्हाय.”

मग त्यांनी पदराच्या टोकाने माझा पडदा पुसला, अगदी कोपऱ्यांतून, आणि निघून गेल्या.

आता माझी चित्रं अडखळत नाहीत. कीर्तनही पुन्हा सुरू झालं आहे, पण ठेक्यात झाडू चालत नाही. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्राची काळजी जरूर घ्या. नवा कॅमेरा लावलात तर त्याची गाठ मला सोडता येते का, तेवढं बघा. पण माणसाला चोर ठरवायचं असेल तेव्हा माझ्या तोंडाकडे बघू नका. तो माणूस समोर उभा असतो. आधी त्याला विचारा.