पोटावर बारीक बाई

मित्रांनो, मी एक जुना प्लॅस्टिकचा डबा आहे. माझ्या पोटात सुकटीचा वास आणि पोटावर कंबर नसलेल्या बाईचा फोटो.

जन्म रसायनीकडचा. वजन घटवणारी पावडर भरून मला कशेळ्याच्या बाजारात मांडलं. लेबलावर अकरा वनस्पतींची नावं होती. पोटात बारावंही काहीतरी होतं. त्याचं नाव छापायला जागा उरली नसावी.

चंद्राबाईंनी मला घेतलं, कारण लेकीचा, सुप्रियाचा, साखरपुडा दीड महिन्यावर आला होता आणि त्यांचा ब्लाऊज काखेत अडत होता. सकाळी दोन चमचे. भूक मेली, तोंडाला कोरड पडली, महिन्यात चार किलो गेले. आळीतल्या बायका वाखाणू लागल्या. मला देवांशेजारी जागा मिळाली.

मग छाती धडधडू लागली. एकदा हंडा उचलताना बाई अंगणातच बसल्या. कशेळ्याच्या डॉक्टर तेजश्रींनी विचारलं, आणखी काही औषध घेता का? बाई म्हणाल्या, एक गोळी नाय. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली. घरी मी रिकामा झालो होतो, पण माझा धाकटा भाऊ, त्याच पावडरीचा दुसरा डबा, उघडला गेला. धडधड वाढली.

चंद्राबाई कुणाकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. पुढच्या खेपेला मला धुतलं आणि डॉक्टरांसाठी सुकटीची चटणी भरली.

डॉक्टरांनी चटणी पाहिलीच नाही. "मावशी, हे कोण खातं?"

"सुकट? आमी समदीच."

"डब्यावरचं विचारते."

"ते होय. ते औषध नाय गं बाय, पाला हाय."

"धोतराही पालाच आहे. खाल?"

 डॉक्टरांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. तिच्यावरचे डोंगर बघून त्यांनी समजावलं की अशा डब्यांत कधीकधी भूक मारणारं औषध गुपचूप घातलेलं असतं आणि ते हृदयाला झोडपतं. थोडक्यात वाचलात, म्हणाल्या.

भाऊ खड्ड्यात रिता झाला. कोंबड्यांना काही होऊ नये म्हणून बाईंनी वर दगड ठेवला.

साखरपुड्याला ब्लाऊजची शिवण उसवली, बाईंनी दोन लाडू खाल्ले. छाती शांत होती.

मी आता डॉक्टरांच्या टेबलावर असतो. "औषध नाय घेत" म्हणणाऱ्यापुढे त्या मला सरकवतात.

तेव्हा मित्रांनो, डॉक्टरांनी विचारलं तर तोंडात जातं ते सगळं सांगा, पालासुद्धा. दर वेळी सुकट मदतीला येईलच असं नाही.